रडवणारा गॅस कांद्यात नसतोच

एक अख्खा कांदा घ्या, साल वगैरे काही काढू नका, आणि अगदी डोळ्यांपाशी धरा. काहीच होत नाही. पाच मिनिटं धरून बसलात तरी लोक येडे म्हणतील तेवढंच, डोळ्यात पाणी काही येणार नाही. आता तोच कांदा मधोमध कापून बारीक चिरायला घ्या. मिनिटभराच्या आत डोळ्यांच्या कडा चरचरायला लागतात, मग पाणी, मग नाक गळायला लागतं, आणि मग मनगटाने डोळे पुसत पुसत उरलेला कांदा अंदाजाने चिरायचा.

मला कित्येक वर्षं असंच वाटायचं की कांद्यात कसलातरी उग्र गॅस कोंडलेला असतो आणि कापला की तो बाहेर येतो, फुगा फोडल्यासारखा. तर तसं अजिबात नाहीये. न कापलेल्या कांद्यात तो गॅस नसतोच. तो तयार होतो सुरी फिरली की, म्हणजे खरं तर आपणच तो बनवतो, ताजा ताजा, आपल्याच तोंडाखाली. ही एक गोष्ट डोक्यात बसली ना की कांदा चिरायच्या ज्या शंभर युक्त्या लोक सांगत असतात त्यातली कुठली चालेल आणि कुठली नाही हे आपलं आपल्यालाच कळायला लागतं.

शाळेत मायक्रोस्कोपखाली कांद्याचा पापुद्रा बहुतेकांनी बघितला असेल, विटा रचून ठेवल्यासारख्या लांबट पेशी दिसतात तो. त्या प्रत्येक विटेत दोन वेगळे कप्पे आहेत असं समजा. पेशीच्या मधे एक मोठी पाण्याची पिशवी असते, पुस्तकात तिला रिक्तिका म्हणायचे, त्या पिशवीत ॲलिनेज नावाचं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीन, असतं. आणि पिशवीच्या बाहेर, पेशीद्रवात, गंधक असलेली काही संयुगं असतात, त्यातलं आपल्या कामाचं म्हणजे आयसोॲलिन. हे गंधक कांदा जमिनीतून शोषून घेतो, म्हणूनच कमी गंधकाच्या जमिनीतला कांदा सौम्य निघतो. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी, मधे एक पातळ पडदा, आणि जोपर्यंत तो पडदा शाबूत आहे तोपर्यंत सगळं शांत. कोणी कांदा कुरतडला, चावला, चिरला की पडदा फाटतो, दोन्ही एकत्र येतात आणि काम सुरू. कांद्याच्या दृष्टीने बघितलं तर हा त्याचा बचाव आहे, जमिनीत बसून राहिलेल्या कंदाला पळून तर जाता येत नाही.

एकत्र आल्यावर ॲलिनेज त्या आयसोॲलिनचे तुकडे करतं आणि एक सल्फेनिक ॲसिड तयार होतं, जे फार टिकत नाही. मग दुसरं एक एन्झाइम ते पकडतं आणि त्याची रचना बदलून टाकतं आणि जे बनतं त्याचं नाव आहे सिन-प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड. नाव पाठ करायची गरज नाही, आपण त्याला रडवा गॅस म्हणू. तो पटकन उडतो, हवेत मिसळतो, आणि आपलं तोंड नेमकं बोर्डाच्या वर वाकलेलं असतं.

या दुसऱ्या एन्झाइमची गोष्ट मला फार आवडते. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन, ज्यांना 1945 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं (जनावरांचा चारा टिकवण्याच्या पद्धतीसाठी, कांद्यासाठी नाही!), त्यांनी 1960 च्या आसपास कांद्यातलं हे मूळ संयुग वेगळं काढलं होतं. त्यानंतर बराच काळ सगळ्यांची समजूत अशी होती की ॲलिनेजने आपलं काम केलं की पुढचं आपोआप होतं, रडवा गॅस काय आपसूक बनतो. 2002 मध्ये जपानमधल्या हाऊस फूड्स कंपनीच्या शिन्सुके इमाई आणि त्यांच्या टीमने ही समजूत मोडली. त्यांनी लसणातलं ॲलिनेज घेतलं आणि ते कांद्याच्या आयसोॲलिनवर सोडलं. आपोआपच होत असतं तर गॅस बनायला हवा होता. बनलाच नाही. म्हणजे कांद्यात असं काहीतरी जास्तीचं आहे जे या मिश्रणात नव्हतं, आणि ते म्हणजे ते दुसरं एन्झाइम, फक्त रडवायचा गॅस बनवण्याचं काम करणारं. या शोधाला 2013 मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन केलं की जे देतात ते. लसूण कितीही ठेचा, वासाने घर भरेल पण डोळे कांद्यासारखे वाहत नाहीत ते का, याचंही उत्तर इथेच आहे. लसणात मुख्य माल वेगळा, ॲलिन, त्याचं होतं ॲलिसिन, ते नाकाला कळतं पण डोळ्यांना एवढं नाही.

आता डोळ्याचं. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, हा शरीरातल्या सगळ्यात हळव्या जागांपैकी एक, मज्जातंतूंची टोकं तिथे खच्चून भरलेली असतात. मोहरीचा झणका डोक्यात गेला की जी यंत्रणा ओरडते साधारण तीच इथेही ओरडते. मेंदूला सिग्नल जातो की काहीतरी घाण आलीये, धुवून टाका, आणि वरच्या पापणीच्या आत बाहेरच्या कोपऱ्यात जी अश्रुग्रंथी आहे ती नळ सोडते. एरवी डोळ्यात साधारण 7 मायक्रोलिटर पाणी असतं, म्हणजे ड्रॉपरच्या एका थेंबापेक्षाही बरंच कमी, आणि डोळ्याची क्षमताही फार मोठी नाही, त्यामुळे जास्तीचं गालावर येतं. उरलेलं नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकातून थेट नाकात उतरतं, म्हणून कांदा चिरताना नाक गळतं, सर्दी झालेली नसते.

बाय द वे हे अश्रू आणि दुःखाने रडल्याचे अश्रू एकच नाहीत. विल्यम फ्रे नावाच्या संशोधकाने 1981 मध्ये लोकांना एकदा भावुक करून आणि एकदा कांद्याने असं दोन्ही प्रकारे रडवून अश्रू गोळा केले आणि भावनेच्या अश्रूंमध्ये प्रोटीन जास्त सापडलं. त्याचा अर्थ काय लावायचा यावर वाद आहेत, पण कांदा संशोधनाच्या कामाला आला हे मात्र खरं.

कुठेतरी असंही वाचायला मिळतं की कांद्यामुळे डोळ्यात सल्फ्युरिक ॲसिड बनतं आणि डोळे जळतात. हे वाचून लोक घाबरतात उगाच. गॅसचं प्रमाण इतकं कमी असतं की खरंखुरं काही भाजत नाही, आग लागलेली नसते, नुसता अलार्म वाजत असतो. लांब गेलं की थोड्या वेळात सगळं ठीक.

तर मग उपाय. इतके दिवस सगळं बोलणं गॅसवरच व्हायचं, पण 2025 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सुरीकडे बघितलं आणि मला वाटतं खरी मजा तिथेच आहे. त्यांनी छोटंसं गिलोटिन बनवलं, त्यात पातं लावलं, कांद्यावर पडू दिलं आणि हायस्पीड कॅमेऱ्याने शूट केलं. दिसलं असं की पातं टेकल्यावर कांद्याची पाकळी लगेच कापली जात नाही, आधी दबते. प्रत्येक पाकळीला वरून खालून चिवट पापुद्रा असतो, तो ताणला जातो, आतल्या रसावर दाब वाढत जातो, आणि मग पापुद्रा फुटतो आणि बारीक तुषार उडतात, अगदी स्प्रे मारल्यासारखे, त्यातले काही सेकंदाला कित्येक मीटर वेगाने. त्यामागून जाडसर धारा निघून त्यांचेही थेंब होतात. म्हणजे नुसता गॅस हळूहळू वर येतोय असं नाही, रसाचे थेंबच उडतायत, आणि थेंबात सगळी सामग्री आहेच.

पातं बोथट असेल तर पापुद्रा जास्त दबतो, दाब जास्त साठतो, थेंब जास्त आणि जोरात उडतात. पातं जोरात आपटलं तरी तेच. धारदार पातं आणि सावकाश हात, थेंब कमी. इतकं साधं. आपण नेमकं उलट करतो, डोळे झोंबायला लागले की घाईघाईने खटाखट चिरतो, लवकर संपवू म्हणून.

सुरी बोथट आहे का ते बघायचं असेल तर कांदा कापताना आवाज ऐका आणि बोर्डाकडे बघा. धार चांगली असेल तर सुरी गपचूप जाते आणि कापलेली बाजू काचेसारखी गुळगुळीत दिसते. बोथट सुरी करकर करते, पाकळ्या एकमेकींवरून सरकतात आणि बोर्डावर पाणी पाणी होतं. ते पाणी म्हणजे फुटलेल्या पेशींचा रस, उगाच फोडलेल्या. चॉपरमध्ये किंवा किसणीवर कांदा का जास्त झोंबतो तेही यातच आलं, तिथे कापणं कमी आणि चिरडणं जास्त. चॉपरला झाकण असतं एवढंच नशीब, पण ते उघडताना तोंड वर नेऊ नका.

फ्रीजचा उपाय सगळ्यात जास्त सांगितला जातो आणि तिथे जरा गुंता आहे. थंडीत एन्झाइमचं काम मंदावतं आणि गॅस उडतोही कमी, त्यामुळे केमिस्ट्री म्हणते की फायदा व्हायला हवा. पण त्याच कॉर्नेलच्या प्रयोगात थंड केलेल्या कांद्यातून थेंब कमी उडाले नाहीत, उलट जास्त उडाले. त्यांनी थेंब मोजले, डोळ्यातलं पाणी नाही, हेही लक्षात ठेवा. मी स्वतः अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून चिरतो कधीकधी आणि मला थोडा फरक वाटतो, पण बोथट सुरीने चिरला तर फ्रीजमधला कांदाही रडवतोच, ते करून बघितलंय.

पाण्याचं असं आहे की अख्खा कांदा सोलून पाण्यात टाकला तर विशेष काही होत नाही, कारण जे व्हायचंय ते आत, आणि कापल्यावर. अर्धा करून कापलेली बाजू नळाखाली धरली तर वर आलेला रस धुवून जातो, तेवढा फायदा. पाण्याच्या आत धरून चिरला तर खरंच काही होत नाही, पण बुळबुळीत कांदा आणि धारदार सुरी पाण्याखाली, नको रे बाबा. मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर एन्झाइमच बाद होतात, त्यामुळे रडणं थांबतं, पण कच्च्या कांद्याची चवही त्याच एन्झाइमच्या कामातून येते, मग हाती राहतो मऊ, बिनचवीचा गोळा. तोंडात ब्रेडचा तुकडा, दातात काडी, डोक्यावर काहीतरी, असले उपाय आहेत त्यातला एकही वर सांगितलेली कुठलीच पायरी अडवत नाही. शेजारी मेणबत्ती लावली तर हवा थोडी हलते म्हणा, पण मग पंखाच लावा ना.

पंखा मात्र नीट लावा. मी पहिल्यांदा टेबल फॅन बोर्डाच्या पलीकडे ठेवला होता, तोंड माझ्याकडे करून, आणि कांद्याचा सगळा माल थेट माझ्या डोळ्यात. वारा आपल्याकडून पलीकडे किंवा आडवा जायला पाहिजे, आपल्या तोंडावर नाही. चिमणी असेल तर तिच्याखाली चिरा. साध्या चष्म्याने थोडंफार अडतं, पोहण्याचा घट्ट गॉगल घातला तर जवळपास पूर्ण. कॉन्टॅक्ट लेन्स घालणारे म्हणतात आम्हाला त्रासच होत नाही, ते खरं आहे, कॉर्नियावर झाकणच बसलेलं असतं.

न रडवणारे कांदेही बनवलेत. 2008 मध्ये न्यूझीलंडच्या कॉलिन ईडी यांच्या टीमने ते दुसरं एन्झाइम बनवणारा जीनच गप्प केला. त्यात ॲलिनेज चालू राहतं, सल्फेनिक ॲसिड दुसऱ्या वाटेने जाऊन चवीची संयुगं बनवतं, फक्त गॅस नाही. हाऊस फूड्सने 2015 मध्ये वेगळाच कांदा जाहीर केला, किरणांचा मारा करून निवडलेला, त्यात ॲलिनेजच जेमतेम. तिथे पहिलीच पायरी बंद, त्यामुळे उग्रपणा नाही, वासही कमी. माझं मत विचाराल तर कांद्याला कांद्यासारखंच राहू द्यावं, मला तो गोडसर प्रकार नकोच वाटतो.

मी आता काय करतो तर सुरीला आधी धार लावतो, कांदा शेंड्याकडून कापून उभा अर्धा करतो, बूड तसंच ठेवतो म्हणजे पाकळ्या धरून राहतात आणि सुरी घसरत नाही, कापलेली बाजू लगेच बोर्डावर पालथी. सावकाश, दाबून नाही तर सुरी पुढे सरकवत. चिरून झालं की सगळं झाकणाच्या डब्यात, बोर्डावर ढीग साठवत बसत नाही. दोन-तीन कांदे कोरड्या डोळ्यांनी होतात, दहा असले तर शेवटी थोडं चरचरतंच.

आणि चरचरलं तर डोळे चोळू नका. दोन पावलं मागे या, उघडझाप करा, पाणी येऊ द्या. मी मागच्या आठवड्यात हे सगळं माहीत असून, पंखा लावून, नवीन धारेच्या सुरीने पाच कांदे मस्त चिरले, एक थेंब नाही, आणि खूश होऊन त्याच बोटाने डोळा खाजवला.