टायची गाठ, फेट्याचा पेच

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या आवारात काळ्या कोटांबरोबर गळ्यातल्या पांढऱ्या बँडांचीही गर्दी वाढली. बार कौन्सिलच्या नियमानुसार उच्च, जिल्हा व सत्र न्यायालयांत वकिलाने हे बँडच लावायचे असतात. त्यांच्याऐवजी काळा टाय चालतो तो खालच्या न्यायालयांत. दोन लहान पट्ट्यांपुरते उरलेले हे बँड म्हणजे सतराव्या शतकातील इंग्रजी पोशाखातल्या रुंद, खाली पडणाऱ्या कॉलरचा अवशेष होय. टायचे मूळही त्याच शतकातले आहे, मात्र ते रणांगणावर सापडते.

युरोपात १६१८ ते १६४८ या काळात चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धात फ्रान्सच्या बाजूने लढणारे क्रोएशियन घोडेस्वार गळ्याभोवती रुमाल गुंडाळून पुढे गाठ मारत. ते स्वतःला ‘ह्र्वात’ म्हणवत. त्यावरूनच फ्रेंचमध्ये ‘क्रावात’ हा शब्द आला आणि चौदाव्या लुईच्या दरबारात या शिपाईगड्यांच्या रुमालाला लेस लागली. चीनमध्ये शियानजवळ १९७४ मध्ये सापडलेल्या, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील मातीच्या सैनिकांच्या गळ्याशीही असे कापड दिसते. पण तिथपासून आजच्या टायपर्यंत सलग धागा लागत नाही, तो क्रावातपासून लागतो.

आजचा लांबट टाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. त्याची खरी अडचण कापणीची होती, कारण सरळ धाग्यात कापलेली पट्टी गाठ सोडल्यावरही चुरगळलेली राहते आणि पिळवटते. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ या टाय बनवणाऱ्याने कापड उरेब, म्हणजे ४५ अंशांत तिरके कापून टाय तीन तुकड्यांत जोडण्याची पद्धत पेटंट केली. उरेब कापड ओढले की किंचित वाढते आणि सोडले की जागेवर येते. ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग लावणाऱ्या आपल्या शिंप्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

फेट्याला कापणी नाही, शिलाईही नाही. कोल्हापुरी फेट्याचे एक टोक शेमला म्हणून पाठीवर सोडतात, दुसऱ्याच्या चुण्या करून माथ्यावर तुरा उभा करतात आणि मधले पेच केवळ बांधणाऱ्याने दिलेल्या पिळावर व ताणावर टिकतात. रोज एवढे कापड बांधण्याचा खटाटोप नको म्हणून पगडबंदांनी एकदाच घडवून ठेवलेली पगडी केली. पुण्याने ती मिरवली, कोल्हापूर फेट्यावर राहिले. शाळकरी मुलांचा इलॅस्टिकचा टाय, ज्याची गाठ दुकानातच कायमची पडलेली असते, तो याच न्यायाने टायची पगडी म्हटला पाहिजे. लग्नसराईत डोक्यावर नुसते ठेवायचे तयार फेटे मिळू लागले आहेत, तेही त्याच वाटेने.

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेसारख्या मैदानात मल्लाचा सत्कार होतो, तेव्हा मात्र फेटा जागेवरच बांधला जातो. टाय ज्याचा त्याने आरशात पाहून बांधावा. इथे अंगावरची लाल माती तशीच असलेला पैलवान मान किंचित झुकवून उभा राहतो आणि शेवटचा पेच खोचला जाईपर्यंत हलत नाही.