जुन्या पीसीवर डीबगर कोणता टाकायचा? (ग्राहकांसाठी माहिती)

डीबगर म्हणजे दुसरा प्रोग्राम मधेच थांबवून त्याच्या आत काय चाललंय ते दाखवणारा प्रोग्राम. आमच्याकडे जुने पीसी रिपेअरला घेऊन येणारे तीन प्रकारचे लोक असतात. एक हौसेने एक्सटी-एटी (आयबीएमचे जुने पीसी) जमवणारे, दुसरे कारखानेवाले ज्यांचं एखादं मशीन अजून डॉसवरच (विंडोजच्या आधीची सिस्टिम) चालतं आणि त्याचा प्रोग्राम लिहिणारा माणूस आता सापडत नाही, आणि तिसरी कॉलेजची पोरं. विचारतात मात्र सगळे एकच, "डीबगर कोणता टाकू?" आणि बऱ्याच जणांनी आधीच कुठेतरी ऐकलेलं असतं की सॉफ्टआइस नावाचा डीबगर जबरदस्त आहे, तोच द्या. जबरदस्त आहेच हो, पण तुमच्या मशीनमध्ये ८०८८ चिप (पहिल्या पीसीतला प्रोसेसर) असेल तर तो चालूच होणार नाही, म्हणून हा कागद छापलाय.

सोर्स आहे का?

आमचा पहिला प्रश्न हाच असतो, चिप वगैरे नंतर. प्रोग्रामचा सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ मजकूर) तुमच्याकडे असेल आणि तो परत कंपाइल करता (मशीनच्या भाषेत बदलता) येत असेल तर डीबगरमध्ये तुमच्याच ओळी दिसतात, व्हेरिएबलची नावं दिसतात, काम तासाभरात होतं. सोर्स नसेल तर कितीही महागडा डीबगर आणा, समोर नुसती मशीनची भाषा येणार आणि ती वाचता येणारा माणूस लागणार.

सोर्स बोरलँडच्या कंपायलरचा असेल (टर्बो सी, टर्बो पास्कल) तर सरळ टर्बो डीबगर (टीडी) घ्या. हा १९८८ चा, आपल्याकडे इंजिनिअरिंगला ८०८६ ची प्रॅक्टिकल्स टीएएसएम (बोरलँडचा असेंबलर) आणि टीडीवर केलेल्या लोकांना एकेक पायरी चालवायच्या एफ७, एफ८ ह्या की अजून बोटांत असतात. फक्त कंपाइल करताना मायनस व्ही (-v) द्यायला विसरू नका, नाहीतर नावं दिसत नाहीत आणि लोक म्हणतात डीबगर खराब आहे. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर असेल तर कोडव्ह्यू, तो १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्ट सी ४.० बरोबर आला, त्याला कंपाइल करताना झेडआय (/Zi) आणि लिंक करताना सीओ (/CO) लागतं. आमचं मत विचाराल तर टीडी वापरायला जास्त सोपा आहे, आणि कोडव्ह्यूसाठी बनवलेली फाइल टीडीकॉन्व्हर्ट नावाच्या प्रोग्रामने टीडीच्या फॉरमॅटमध्ये नेता येते, त्यामुळे एकच शिकायचं असेल तर टीडी शिका.

सोर्स नाही, मग डीबग

डॉसबरोबर फुकट येणारा डीबग टिम पॅटरसनने ८६-डॉससाठी (एमएस-डॉसचा पूर्वज) लिहिला होता आणि १९८१ च्या पहिल्या पीसी-डॉसपासून तो आहे. दिसायला एकदम कंगाल, चालू केला की फक्त एक आडवी रेघ येते आणि गप्प बसतो, पण अगदी लहान मेमरीच्या मशीनवरही चालतो आणि छोटी कामं त्याच्यावर निघतात. नवीन माणूस अडकतो ते नेहमी त्याच तीन-चार जागी, म्हणून लिहून ठेवतो.

सगळे आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर), तुम्ही १० टाइप केलं की तो सोळा समजतो. कॉम फाइल १०० हेक्सपासून लोड होते कारण आधीचे २५६ बाइट डॉस स्वतःच्या नोंदींसाठी ठेवतं. फाइल बदलून डब्ल्यू कमांडने परत लिहिताना लांबी बीएक्स आणि सीएक्स ह्या रजिस्टरमध्ये (चिपच्या आतले आकड्यांचे कप्पे) बरोबर आहे का बघा, नाहीतर अर्धीच फाइल लिहिली जाते. इएक्सई फाइल तो परत लिहीतच नाही, त्यासाठी आधी नाव बदलून एक्सटेन्शन बिन करायचं आणि मग उघडायची. आणि टी कमांडने एकेक पायरी जाताना आयएनटी २१ (डॉसला काम सांगणारी हाक) आला की तुम्ही डॉसच्या पोटात शिरता आणि बाहेर यायला वेळ लागतो, तिथे ती हाक एका पायरीत पार करणारी पी वापरा. सगळ्यात जुन्या डीबगमध्ये पी नव्हती, असेंब्ली टाइप करायची ए सुद्धा डॉस २.० मध्ये आली, त्यामुळे डॉसची आवृत्ती बघूनच बोला.

एक कळकळीची विनंती. डीबगमध्ये एल (वाचणे) आणि डब्ल्यू (लिहिणे) थेट डिस्कच्या सेक्टरवर पण चालतात. ड्राइव्हचा नंबर ० म्हणजे ए, १ म्हणजे बी, २ म्हणजे सी. बूट सेक्टर (डॉस चालू होताना वाचला जाणारा पहिला तुकडा) वाचायला एल १०० ० ० १ ठीक आहे, पण तिथे एलच्या जागी डब्ल्यू आणि शून्याच्या जागी दोन पडला की हार्ड डिस्कचा बूट सेक्टर गेला. तसंच जी=सी८००:५ हे कुणी सांगितलं म्हणून मारून बघू नका, ते जुन्या एमएफएम हार्ड डिस्क कंट्रोलरच्या रॉममधलं लो लेव्हल फॉरमॅट आहे, डिस्क पुसली जाते.

डीबगला नावं समजत नाहीत. मॅप फाइल (लिंकरने बनवलेली नावं आणि पत्त्यांची यादी) असेल तर मायक्रोसॉफ्टच्या मॅक्रो असेंबलरबरोबर येणारा सिमडेब बघा, मॅपसिमने मॅप फाइलवरून सिम्बॉल फाइल बनवली की पत्त्यांच्या जागी नावं दिसतात.

मशीनच हँग होतंय?

इथे चिपचा प्रश्न येतो. साधा डीबगर ब्रेकपॉइंटसाठी (प्रोग्राम थांबवायची जागा) तुमच्या कोडमधला एक बाइट काढून तिथे सीसी म्हणजे आयएनटी ३ ठेवतो. रॉममध्ये लिहिता येत नाही, त्यामुळे बायोसच्या (रॉममधला मूळ प्रोग्राम) आत हा प्रकार चालत नाही. शिवाय डीबगर आणि प्रोग्राम त्याच ६४० केबीमध्ये एकत्र राहणारे भाडेकरू, एकाने भिंत पाडली तर दुसराही गेला, म्हणजे प्रोग्रामने भलतीकडे लिहिलं तर डीबगरच मरतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही.

सगळ्यात त्रासदायक तक्रार ही असते की अमुक आकडा मधेच बदलतो, कोण बदलतं माहीत नाही. साध्या डीबगरला हे पकडायला प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर थांबून तो आकडा तपासावा लागतो, प्रोग्राम इतका मंद होतो की टायमिंगवर चालणारं मशीन असेल तर काही उपयोगच नाही. ८०३८६ (३८६) ह्या नंतरच्या चिपमध्ये इंटेलने चिपच्या आतच डीबग रजिस्टर दिले, चार पत्त्यांवर पहारा ठेवता येतो आणि प्रोग्राम पूर्ण वेगात चालतो. सॉफ्टआइस (नुमेगा, १९८७) याचाच फायदा घेतो, कॉन्फिग.सिसमधून (डॉस चालू होताना वाचतं ती फाइल) लोड होतो, ६४० केबीच्या वर एक्स्टेंडेड मेमरीत बसतो आणि तुमच्या डॉसला व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये (चिपच्या पहाऱ्याखाली) चालवतो, त्यामुळे प्रोग्राम लटकला तरी बहुतेक वेळा कंट्रोल-डी दाबलं की तो वर येतो. टर्बो डीबगरचा टीडी३८६ सुद्धा ३८६ वर चालतो. पण इएमएम३८६ (डॉसचा मेमरी मॅनेजर) आधीच चालू असेल तर ह्यांचं जमत नाही, आधी ते कॉन्फिग.सिसमधून काढा.

३८६ नसेल तर दोन मार्ग. एक, दोन मशीन सिरियल केबलने जोडायची, एकावर प्रोग्राम आणि टीडीरिमोट, दुसऱ्यावर टीडी. ह्याला पैसे फारसे लागत नाहीत, आम्ही केबल बनवून देतो. दुसरा, पेरिस्कोपसारखं बटणवालं हार्डवेअर, बटण दाबलं की एनएमआय (चिपला अडवता न येणारा सिग्नल) जातो आणि मशीन थांबतं, पण ते आता मिळणं नशिबावर आहे, आमच्या भरवशावर राहू नका.

ग्राफिक्सचा प्रोग्राम असेल तर जुनी मोनोक्रोम कार्ड फेकून देऊ नका! मोनोची मेमरी बी०००ला आणि कलर सीजीएची बी८००ला असते, दोन्ही कार्ड एका पीसीत बसतात, एका मॉनिटरवर प्रोग्राम दुसऱ्यावर डीबगर.

सीपी/एम (डॉसच्या आधीची सिस्टिम) वाल्यांसाठी थोडक्यात: त्यातल्या डीडीटी डीबगरला फक्त ८०८० चिपची भाषा कळते, झेड८० चिपचा कोड असेल तर झेडसिड डीबगर घ्या. डीडीटी ब्रेकपॉइंटला आरएसटी ७ ही इन्स्ट्रक्शन वापरतो, म्हणजे पत्ता ३८ हेक्स, आणि झेड८० चा इंटरप्ट मोड १ पण तिथेच उडी मारतो. तुमचं बोर्ड तो मोड वापरत असेल तर दोघांची टक्कर होणार.

टीडी, कोडव्ह्यू, सॉफ्टआइसच्या कॉप्या आम्ही विकत नाही. तुमच्याकडे ओरिजिनल डिस्क असेल तर आणा, टाकून देतो. नसेल तर फ्रीडॉसचा डीबग फुकट आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डीबगपेक्षा बरा आहे. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत, घरच्या लॅपटॉपवर सराव करायचा असेल तर डॉसबॉक्स (नकली डॉस पीसी) टाका.

दुकानात येताना मशीन, प्रोग्रामची डिस्क, ऑटोएक्झेक आणि कॉन्फिग.सिसची कॉपी, सोर्स किंवा मॅप फाइल जे असेल ते, आणि स्क्रीनवर शेवटी काय आलं होतं त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो आणा. डिस्क एकच असेल तर आधी कॉपी काढू आणि कामाला त्या कॉपीवरच लागू.