अर्धं कापलेलं समीकरण

लांबलचक अहवाल लिहून झालेला असतो. छापण्याआधी शेवटची नजर टाकताना दिसतं, की मधल्याच एका पानावरच्या समीकरणाचा फक्त खालचा काठ उरलाय. सिग्माचं डोकं गायब, अपूर्णांकाचा अंश गायब. पुसून पुन्हा टाइप केलं तरी तेच. फाइल बिघडली असं समजून कितीतरी जणांनी अशी रात्र वाया घालवली असेल. फाइल मात्र धडधाकट असते. वर्डमध्ये त्या परिच्छेदात ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ या पर्यायावर, समजा 12 पॉइंटांवर, बांधलेलं असतं. साधी अक्षरं तेवढ्या उंचीत मावतात, अंश-छेदाची दुमजली रचना मावत नाही आणि तिचा वरचा भाग झाकला जातो. अंतर ‘सिंगल’ किंवा ‘अ‍ॅट लीस्ट’ केलं, की समीकरण होतं तिथेच पूर्ण दिसू लागतं.

हा दोष मला फार बोलका वाटतो, कारण इक्वेशन एडिटरच्या, म्हणजे समीकरणं लिहिण्याच्या सोयीच्या, बहुतेक दुखण्यांचं मूळ त्यात दिसतं. वर्ड प्रोसेसर ओळींसाठी बनलेला आहे आणि समीकरण ही ओळ नसते. वाक्यात एकामागून एक अक्षर येतं, माळेतल्या मण्यांसारखं. समीकरण झाडासारखं वाढतं. वर्गसमीकरण सोडवण्याचं शाळेतलं सूत्र आठवा. बुंध्याशी एक अपूर्णांक. त्याला दोन फांद्या, अंश आणि छेद. अंशाच्या फांदीवर वर्गमूळ, वर्गमूळाच्या पोटात वजाबाकी, तिच्यात एका अक्षराच्या डोक्यावर बसलेला घातांक. संगणक नेमकं हेच झाड साठवतो आणि चित्र काढताना शेंड्याकडून बुंध्याकडे येतो. आधी प्रत्येक अक्षराची उंची-रुंदी मोजायची, मग त्याला सामावणारं वर्गमूळ किती मोठं हवं ते ठरवायचं, मग अपूर्णांकाची रेघ किती लांब ते. ती रेघही कुठेही ओढून चालत नाही. शेजारच्या उणे चिन्हाची जी उंची, तीच तिची.

ही कला आधी खिळे जुळवणाऱ्यांच्या हातात होती. संगणकावर तिला पहिलं वळण बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन-संस्थेत मिळालं. ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांनी 1975 मध्ये ‘इक्यूएन’ ही पद्धत जगापुढे मांडली. समीकरण मोठ्याने वाचताना जसं बोलतो तसंच टाइप करायचं, हा तिचा गाभा. ‘ए ओव्हर बी’ लिहिलं की अपूर्णांक तयार. 1977 मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहिली, गणिताची छपाई त्यांना पसंत पडली नाही आणि त्यांनी ‘टेक’ ही स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. मूळ अक्षर 10 पॉइंटांचं, घातांक 7 चा, घातांकाचा घातांक 5 चा, हे प्रमाण टेकमधलंच. आज लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचातल्या ‘मॅथ’मध्ये अपूर्णांकासाठी ‘ओव्हर’ हाच शब्द लिहावा लागतो. तिथे छेद लिहायचा राहिला तर त्या जागी उलटं प्रश्नचिन्ह उमटतं. ते पाहून घाबरू नये. झाडाची एक फांदी रिकामी आहे, एवढंच ते सांगतं.

म्हणून समीकरण अडलं की मी आधी एकच गोष्ट तपासतो: ते आत्ता झाड आहे, चित्र आहे, की नुसती अक्षरांची रांग? त्यावर एक क्लिक करा. कर्सर अपूर्णांकाच्या आत, थेट छेदात जाऊन बसला तर झाड जिवंत आहे. भोवती चौकट आणि कोपऱ्यांत ठिपके आले तर ते चित्र असेल किंवा जुन्या एडिटरची वस्तू. डबल-क्लिकवर काय होतं, त्यावरून या दोघांतला फरक कळतो.

जुन्या एडिटरची हकिगत सविस्तर सांगायला हवी, कारण आजही असंख्य फाइली तिच्यामुळे अडतात. वर्डसोबत पूर्वी ‘इक्वेशन एडिटर 3.0’ नावाचा छोटा, स्वतंत्र प्रोग्राम यायचा. डिझाइन सायन्स या कंपनीने तो बनवला होता. त्याचं समीकरण दस्तऐवजात दोन रूपांत बसायचं: एक त्या प्रोग्रामला कळणारी माहिती आणि दुसरं डोळ्यांना दिसणारं चित्र. 2007 च्या ऑफिसमध्ये वर्डला स्वतःचा नवा एडिटर मिळाला, पण जुन्या फाइली उघडता याव्यात म्हणून जुना प्रोग्राम तसाच ठेवला गेला. मग नोव्हेंबर 2017 मध्ये एम्बेडी या सुरक्षा-संस्थेने त्यातलं एक भगदाड जाहीर केलं. प्रोग्राम 2000 साली तयार झालेला होता. फाइलमधलं फॉन्टचं नाव वाचताना त्याची लांबी न तपासताच तो ते एका ठरावीक आकाराच्या जागेत उतरवून घ्यायचा. मुद्दाम लांबलचक नाव घुसवलं, की ते शेजारच्या स्मृतीवर सांडायचं आणि त्या वाटेने परक्याचा कोड संगणकावर चालवता यायचा. वापरणाऱ्याने फक्त फाइल उघडायची. सतरा वर्षं हे भगदाड तिथे होतं. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात ठिगळ लावलं, पण आणखी दोष सापडल्यावर जानेवारी 2018 च्या अपडेटमध्ये तो प्रोग्रामच काढून टाकला.

त्यामुळे जुन्या प्रबंधातलं समीकरण आज दिसतं, छापताही येतं, पण डबल-क्लिक केलं की एडिटर उपलब्ध नाही असा निरोप येतो. चित्र उरलंय, ते उघडणारा राहिला नाही. माहिती मात्र आत शाबूत असते, आणि ही फार दिलाशाची गोष्ट आहे. वर्डच्या नव्या आवृत्त्या अशा समीकरणाचं नव्या रूपात रूपांतर करून देतात. लिब्रेऑफिसच्या सेटिंगमध्येही तशी सोय आहे. मॅथटाइप या प्रोग्राममध्येही ती समीकरणं उघडतात. पण कुठल्यातरी संकेतस्थळावरून जुना प्रोग्राम उतरवून पुन्हा बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याच्यासोबत ते भगदाडही परत येतं.

इक्वेशनचं बटण फिकट पडून दाबलंच जात नसेल, तर खिडकीच्या माथ्यावर ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ लिहिलंय का ते पाहा. फाइल जुन्या ‘डॉक’ प्रकारात आहे. ती ‘डॉकएक्स’ करा. नवी समीकरणं ‘डॉक’मध्ये सेव्ह करताना वर्ड त्यांची चित्रं करतो. मधल्या काळात त्यांना कुणी हात लावला नसेल, तर फाइल ‘डॉकएक्स’ केल्यावर ती पुन्हा जिवंत होतात.

टाइप करताना सगळ्यात जास्त गोंधळ उडवते ती स्पेसबार. वर्डच्या समीकरणात ती मोकळी जागा सोडत नाही, ‘आता हे बांध’ असा हुकूम देते. उलटी तिरकी रेघ (बॅकस्लॅश) आणि ‘अल्फा’ टाइप केलं तरी स्पेस दिल्याशिवाय ग्रीक अक्षर उमटत नाही. आणि उमटतं तेही समीकरणाच्या चौकटीत. ‘ऑल्ट’ आणि ‘बरोबर’च्या चिन्हाची कळ एकत्र दाबून ती आधी उघडावी लागते. कीबोर्ड देवनागरीवर राहिला असेल तर यातलं काहीच घडत नाही, हेही आपल्याकडे पटकन लक्षात येत नाही. कंसात बेरीज लिहून तिला भागलं, की कंस नाहीसा होतो. कारण अंश कुठून कुठपर्यंत, एवढंच सांगण्यापुरता तो होता. कंस दिसायलाच हवा असेल तर दुहेरी द्या.

स्वतंत्र ओळीवरचं ऐटदार समीकरण अचानक बारीक होतं, सिग्माच्या वर-खाली असलेल्या मर्यादा बाजूला सरकतात. यामागे बहुधा एक पूर्णविराम असतो. समीकरणाच्या चौकटीबाहेर, त्याच ओळीत एखादं चिन्ह टाइप झालं, की वर्ड ते समीकरण वाक्यातलं समजतो आणि दाटीवाटीने बसवतो. पूर्णविराम चौकटीच्या आत घ्या.

समीकरणाचा फॉन्ट बदलत का नाही, अशी तक्रारही नेहमीची. गणिताच्या फॉन्टमध्ये अक्षरांखेरीज एक कोष्टक असतं: घातांक किती वर चढवायचा, अपूर्णांकाची रेघ किती जाड, वर्गमूळाखाली किती पोकळी, अशी पन्नासहून अधिक मापं. कॅम्ब्रिया मॅथ, स्टिक्स टू मॅथ, लॅटिन मॉडर्न मॅथ यांत ते आहे, साध्या फॉन्टमध्ये नाही. उलट, साध्या मजकुराला चुकून कॅम्ब्रिया मॅथ लागला, तर दोन ओळींमध्ये हातभर अंतर पडतं. उंच चिन्हं मावावीत म्हणून त्या फॉन्टची उंचीच तशी ठेवलेली आहे.

राहिली अक्षरांची रांग. समीकरणातलं तिरपं अक्षर हे साधं अक्षर तिरपं करून आलेलं नसतं, त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, वेगळा क्रमांक आहे. 2001 च्या 3.1 आवृत्तीत अशा गणिती अक्षरांचा अख्खा गट आला. त्यात तिरप्या ‘एच’ची जागा रिकामी आहे, कारण प्लँकच्या स्थिरांकासाठी ते अक्षर आधीच दुसरीकडे नोंदलेलं होतं! ही अक्षरं जुन्या प्रोग्राममध्ये चिकटवली की चौकोन दिसतात. उणे चिन्ह त्याहून फसवं, कारण ते नीट दिसतं. समीकरणातलं उणे आणि कीबोर्डवरची आडवी रेघ ही युनिकोडमध्ये दोन वेगळी चिन्हं आहेत. उत्तर म्हणून आलेला उणे 7 तिथून उचलून स्प्रेडशीटमध्ये टाकला, की तो बहुधा आकडा न मानता मजकूर मानला जातो आणि बेरजेत धरलाच जात नाही. तिथे ‘फाइंड-रिप्लेस’ने ते उणे काढून साधी रेघ घातली, की बेरीज जुळते.