चालून चढलेलं बीपी आणि बसून चढलेलं बीपी

रंकाळ्याला फेरी मारून आलेले आजोबा घाम पुसायच्या आत मशीनचा पट्टा दंडाला गुंडाळतात. वरचा आकडा १६८ निघतो आणि घरातून फर्मान सुटतं, उद्यापासून फिरणं बंद! बीपी दोन तऱ्हांनी चढतं, हे इथं कुणाच्या लक्षातच येत नाही.

भराभर चालताना पायांच्या स्नायूंना जादा रक्त लागतं. हृदय जोर लावतं, वरचा आकडा चढतो. साठीनंतर तो १६०-१८० पर्यंत गेला तर नवल नाही. स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असल्यानं खालचा आकडा मात्र फारसा हलत नाही. थांबलं की काही मिनिटांत वरचाही उतरू लागतो.

आजार म्हणायचा तो बसल्या जागी चढलेल्या बीपीला. पाच मिनिटं शांत बसूनही, वेगवेगळ्या दिवशी, दवाखान्यात १४०/९० किंवा घरी १३५/८५ च्या वर आकडे येत राहिले, तर ते दुखणं. उतारवयात धमन्या ताठर होतात, म्हणून पुष्कळांचा वरचाच आकडा वाढतो. १५८/७६ बघून ‘खालचा नॉर्मल आहे की’ म्हणत सोडून देणारे खूप. तसं सोडू नये.

उलटी गल्लतही होते, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते. व्यायामानंतर काही तास बीपी नेहमीपेक्षा खाली राहतं. नाश्ता करून मोजलं, १२६ आलं, की गोळी बंद! तो उतार त्या दिवसापुरता. नेमानं काही आठवडे चाललं की बसल्या जागचा आकडा साधारण ५ ते ८ नं उतरू शकतो, ती खरी कमाई. पण गोळी कमी करायची का, ते डॉक्टरांनी ठरवायचं. गोळी घेणाऱ्यांनी फेरी संपल्यावर बाकावरून झटकन उठू नये, डोळ्यांपुढं अंधारी येते.

आपल्याकडं तालमीत घाम गाळलेले म्हातारेही कमी नाहीत. दम कोंडून जोर काढले किंवा वजन उचललं की वरचा-खालचा दोन्ही आकडे एकदम उसळतात. व्यायाम सोडायचं कारण नाही. वजन हलकं घ्यावं, उचलताना श्वास सोडावा. बसल्या जागी १८०/११० च्या वर असेल तर मात्र आधी दवाखाना, मग तालीम. छातीत दुखलं तर तिथंच थांबावं आणि लगेच दवाखाना गाठावा.

मोजायचं ते सकाळी, फिरायला निघण्याआधी, चहा आणि गोळीच्याही आधी. लघवी करून यावं, पाठ टेकून बसावं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून वेळेसकट वहीत लिहावं. आणि मशीन चालू असताना गप्पा नकोत, बोलण्यानंही आकडा चढतो.