स्टिअरिंग कंट्रोलरमधली ‘सुरक्षित स्थिती’: एका शब्दाची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये स्टिअरिंग फिरवायला एक मोटर मदत करते. तिच्या कंट्रोलरला स्वतःत बिघाड सापडला की त्याने कोणत्या निर्धोक अवस्थेत, म्हणजे ‘सुरक्षित स्थिती’त, जायचं? आज या एका ओळीवर आठवडेच्या आठवडे बैठका चालतात. सुरुवातीला उत्तर सोपं होतं: शंका आली की मोटर सोडून द्या, म्हणजे तिची मदत बंद करा.

हे उत्तर कुठून आलं ते समजण्यासारखं आहे. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग गाड्यांमध्ये १९५१ पासून विकलं जात होतं. त्याच्या पंपाचा पट्टा तुटला तर स्टिअरिंग जड व्हायचं, पण सहसा आपणहून वळायचं नाही. १९८८ साली जपानमध्ये सर्व्हो या छोट्या गाडीच्या स्टिअरिंग कॉलमवर विजेची मोटर बसली आणि एक नवी भीती जन्माला आली. चालकाचा जोर मोजणाऱ्या टॉर्क सेन्सरने चुकीचा आकडा दिला किंवा प्रोसेसर भरकटला, तर चालकाने काहीही न करता चाकं वळू शकतात. धंद्यातल्या भाषेत ‘सेल्फ स्टिअर’. त्यापुढे जड स्टिअरिंग म्हणजे किरकोळ गैरसोय वाटली. हात आणि चाकं जोडणारा लोखंडी शाफ्ट खाली होताच.

मोटर ‘सोडणं’ही वाटतं तितकं सरळ नाही. तीन फेजच्या मोटरला पुरवठा देणारे दोन ट्रान्झिस्टर जळून शॉर्ट झाले की मोटर बंद होते खरी, पण फिरवायला गेलं की तीच जनरेटर होऊन ब्रेकसारखी विरोध करते. चालक हाताने ओढतो ते आता चाकांचं वजन आणि वर मोटरचा अडथळा. म्हणून फेजच्या तारा तोडणारे वेगळे स्विच आले. त्या स्विचचीही गाडी सुरू होताना दर वेळी चाचणी घेणं आलं, कारण ते चिकटून बसले असतील तर कळायचं कसं?

सॉफ्टवेअरची रचना मात्र उसनी आहे. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी झडप, पेडलच्या केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक झाली तेव्हा जर्मन कारखानदारांनी तीन थरांची पद्धत घालून दिली होती. पहिला थर काम करतो, दुसरा त्याच कामाचा स्वतंत्र हिशेब मांडून ताळा करतो आणि तिसरा प्रोसेसर शुद्धीवर आहे ना, हे प्रश्न विचारून तपासतो. थ्रॉटलमध्ये या सगळ्याचा शेवट सोपा होता. इंधन कमी करा, गाडी हळू होईल. स्टिअरिंगने थर घेतले आणि न विचारता तो शेवटही घेतला. माझ्या मते गोंधळाचं मूळ तिथे आहे.

नोव्हेंबर २०११ मध्ये वाहनांच्या कार्यात्मक सुरक्षेचं २६२६२ क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि ही सवय कागदावर पक्की झाली. त्यातल्या ‘ए’ ते ‘डी’ या दर्जांपैकी सेल्फ स्टिअरला बहुतेक सगळ्यांनी ‘डी’ हा सर्वांत कडक दर्जा दिला. त्यात हार्डवेअरच्या अवचित बिघाडाने तो धोका उद्भवण्याचं प्रमाण तासाला १० कोटीत एकाहून कमी ठेवायचं लक्ष्य येतं. पण ‘असिस्ट जाणं’, म्हणजे मोटरची मदत बंद पडणं, या धोक्याला कोणता दर्जा द्यायचा? कुणी ‘ए’ म्हणे, कुणी ‘बी’, कुणी मानकाच्या कक्षेबाहेर ठेवून नुसत्या गुणवत्तेचा विषय म्हणे.

हा वाद शब्दांचा दिसतो, पण तो चालकाच्या दंडांचा आहे. दर्जा ठरवताना ‘चालक सावरू शकेल का’ हा एक निकष असतो. सावरता येतंच, असं म्हणणाऱ्यांचा आवडता दाखला म्हणजे जुन्या गाड्या: पूर्वी कुठे होतं पॉवर स्टिअरिंग, माणसं घाट उतरतच होती की! मी हा मुद्दा पुण्यातल्या बैठकांमध्ये इतक्यांदा ऐकला आहे की त्याला उत्तर द्यायलाच हवं. त्या गाड्यांचं स्टिअरिंग मोठ्या व्यासाचं असे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जास्त फेरे घ्यायचं. म्हणजे गिअरिंगच हाताच्या ताकदीला धरून केलेलं. आजचं चाक लहान, फेरे कमी, टायर रुंद, पुढच्या ॲक्सलवर वजन जास्त, आणि कॉलमवर मोटर असेल तर तिच्या वर्म गिअरचं घर्षण वेगळं. असिस्ट गेलेली आजची गाडी ही जुनी गाडी नव्हे.

नियमाचं मोजमाप त्याहून उदार आहे. ७९ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत प्रवासी कारसाठी असिस्ट गेल्यावर ३०० न्यूटनपर्यंत जोर चालतो, म्हणजे साधारण ३० किलो वजन उचलण्याइतका. तोही ताशी १० किलोमीटरला, ४ सेकंदांत २० मीटर त्रिज्येच्या वळणावर येताना. वळणाच्या मधोमध, बेसावध असताना असिस्ट अचानक गेला तर काय, हे त्या आकड्यातून कळत नाही. धोका जडपणाइतकाच अचानकपणाचा आहे.

अमेरिकेत याचा निकाल रस्त्यावर लागला. २०१० साली एका मोठ्या कंपनीने असिस्ट जाण्याच्या तक्रारींवरून सुमारे १३ लाख गाड्या परत बोलावल्या. तरी गाडी सुरक्षितपणे सावरता येते, ताशी २४ किलोमीटरच्या खाली जोर जास्त लागतो एवढंच, अशी तिची भूमिका होती. तशाच स्टिअरिंगचं एक भावंड मॉडेल तेव्हा सुटलं. ते २०१४ साली आणखी सुमारे १३ लाख गाड्यांसोबत परत बोलावण्यात आलं. त्यानंतर ‘नुसती गैरसोय’ हा शब्द बैठकीत उच्चारणं अवघड झालं, आणि ते योग्यच झालं.

मग दिशा बदलली. एकाच मोटरमध्ये तारांची दोन वेगळी वेटोळी, म्हणजे दोन वाइंडिंग, प्रत्येकीला वेगळा प्रोसेसर, वेगळे सेन्सर, वेगळा पुरवठा. एक बाजू गेली तरी सुमारे निम्मा असिस्ट शिल्लक. निदानही बदललं. पूर्वी सिग्नल थोडा जरी वाकडा दिसला की बंद करणं हीच सावधगिरी होती. पण बिघाड शोधणारा प्रत्येक मॉनिटर जितका तापट, तितक्या वेळा निरोगी मोटर उगाच बंद पडते. आता कंट्रोलर आधी विचारतो, तीन सेन्सरपैकी खोटं कोण बोलतंय? मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीने बिघाड हाताळण्याचा कालावधी वेगळा मोजायला लावला, त्यात ओळखण्याचा वेळ आणि प्रतिक्रियेचा वेळ दोन्ही आले. अर्धवट ताकदीवर किती वेळ चालवत राहायचं, याच्या मर्यादेलाही त्यात स्वतंत्र नाव मिळालं.

शाफ्ट नसलेल्या स्टिअरिंगला नियमावलीने या शतकाच्या पहिल्या दशकातच वाट करून दिली होती. २०१३ च्या इन्फिनिटी क्यू५० या गाडीने तारेवरचं, म्हणजे हाताचा इशारा विजेच्या तारेने चाकांपर्यंत नेणारं, स्टिअरिंग बाजारात आणलं, पण एकमेकांवर लक्ष ठेवणारे तीन कंट्रोलर देऊनही शाफ्ट काढला नाही. बिघाड झाला की क्लच जोडून तोच शाफ्ट कामाला लावायचा. २०२३ अखेर आलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तो शाफ्टही नाही आणि क्लचही नाही. तिथे मोटर सोडली की चाकं आणि हात यांच्यात काहीच उरत नाही, म्हणून १९८८ चं उत्तर तिथे लावताच येत नाही. एक बाजू निकामी झाल्यावर गाडीने किती मिनिटं, किती वेगाने चालत राहायचं आणि ‘आता थांबा’ हे चालकाला कधी सांगायचं, हे ज्याचं त्याने सुरक्षेच्या फायलीत लिहायचं असतं. सध्या वाद चालू आहे तो त्या मिनिटांच्या आकड्यावर.