वाऱ्याच्या विजेत व्याजाचा वाटा

औष्णिक वीजकेंद्राला रोज कोळसा किंवा वायू विकत घ्यावा लागतो. पवनचक्कीचं गणित उलटं. वारा फुकट, पण पाया, मनोरा, पाती, जनित्र यांचा जवळजवळ सगळा पैसा विजेचं पहिलं युनिट तयार होण्याआधीच ओतावा लागतो. सौरऊर्जेचंही तसंच. हा पैसा बहुतांशी कर्जाऊ असतो.

हिशेब मांडून पाहू. कर्ज १०० धरा, मुदत २० वर्षं, हप्ते समान. व्याज ५ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे ८ येतो. १० टक्के असेल तर पावणेबारा. चक्की तीच, वारा तोच, वीज तेवढीच. फेड मात्र जवळजवळ दीडपट. आणि व्याज किती लावायचं हे ठरवताना कर्ज देणारा विचारतो, की आज ठरलेला विजेचा दर वीस वर्षं टिकेल ना? राजकारण विजेच्या दरात शिरतं ते इथून. सरकारला हरित ऊर्जा किती प्रिय आहे, यापेक्षा पुढचं सरकार दिलेला शब्द पाळेल का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

स्पेनने २००७ साली सौरविजेला आकर्षक हमीदर दिला. २००८ मध्ये प्रकल्पांची झुंबड उडाली, सरकारवरचा बोजा वाढला, आणि २०१० पासून उभ्या असलेल्या प्रकल्पांचंही उत्पन्न कापलं गेलं. हमीवर विसंबून कर्ज काढलेली साधी कुटुंबंही त्यात पोळली.

अमेरिकेत पवनऊर्जेची करसवलत २०१२ अखेर संपणार होती. त्या वर्षी घाईघाईने सुमारे १३,००० मेगावॉट क्षमता उभी राहिली. सवलत ऐनवेळी वाढवली गेली, पण नव्या कामांची तयारी आधीच थंडावली होती. २०१३ मध्ये जेमतेम १,१०० मेगावॉटची भर पडली.

उरुग्वेची गोष्ट वेगळी. तिथे दुष्काळात धरणं आटली की महागडं आयात तेल जाळावं लागे. भौतिकशास्त्रज्ञ रामोन मेंडेस २००८ साली ऊर्जा खात्याचे राष्ट्रीय संचालक झाले. २०१० मध्ये संसदेतल्या सर्व पक्षांनी ऊर्जाधोरणावर एकत्र सह्या केल्या. मग पवनप्रकल्पांसाठी लिलाव झाले, सरकारी वीजकंपनीने वीस वर्षांचे खरेदीकरार केले. वारा वाहतो तेव्हा धरणातलं पाणी राखायचं, पडला की सोडायचं, अशी जोडी जमली. काही वर्षांतच देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक वीज नवीकरणीय स्रोतांतून येऊ लागली. २०२० मध्ये डाव्या आघाडीची पंधरा वर्षांची सत्ता गेली. पवनचक्क्यांचे करार तसेच चालू राहिले.