टॅपेट वाजतंय? वाजू द्या

खंडेनवमीला बुलेट धुऊन झेंडूची माळ घातली, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "टॅपेट वाजतंय रे तुझं." टॅपेट म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हला, म्हणजे झडपेला, ढकलणाऱ्या जोडणीतला भाग; तिथे फट असली की टकटक होते. ओतीव लोखंडी ब्लॉकची जुनी गाडी, थोडं वाजायचंच. पण ते डोक्यात बसलं. एका मिस्त्रीने पाच मिनिटांत टॅपेट कसलं आणि म्हणाला, "लो भिया, मक्खन!" इंजिन खरंच गप्प झालं. महिन्याभराने ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाटात गाडीने दम सोडला. किक मारली तर पाय अलगद खाली, कॉम्प्रेशनच (सिलिंडरमधला दाब) नाही. इंजिनाचा वरचा भाग, हेड, उघडलं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, कडेचा तुकडा गायब, पापड मोडावा तसा.

इंजिन गप्प म्हणजे तब्येत उत्तम, असं आपण धरून चालतो. पण व्हॉल्व्हचं दुखणं समजून घ्यायचं तर तो थंड कसा होतो ते पाहायला हवं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं 700 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. तिथे ना पाणी, ना वारा. त्याला गारवा मिळतो तो टेकल्यावर. बंद होताना त्याची तिरपी कड हेडमधल्या सीटवर बसते आणि बहुतेक उष्णता तिथून हेडमध्ये उतरते. उरलेली दांडीवरून तिला धरणाऱ्या नळीत, गाइडमध्ये. 3000 आरपीएमला व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. म्हणजे एका खेपेला 40 मिलिसेकंद, आणि त्यातले टेकायला मिळतात साधारण 25.

आता प्रसरण. 100 मिलिमीटरची पोलादी सळई 400 अंशांनी तापवली की जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढते. व्हॉल्व्ह लांबला की तो आणि त्याला ढकलणारे भाग यांच्यातली फट मिटते; ब्लॉक आणि हेड उंचावले की फट वाढते. त्यात बुलेटचे पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्हपर्यंत धक्का पोचवणाऱ्या दांड्या, ॲल्युमिनियमचे. दर अंशाला ॲल्युमिनियम दशलक्षात 23 भाग वाढतं, ओतीव लोखंड 11 च्या आसपास. पण ब्लॉक पुशरॉडपेक्षा बराच जास्त तापतो, त्यामुळे दोघांची वाढ साधारण जुळते. म्हणून या गाडीत थंड इंजिनाला फट शून्य ठेवतात, पण दाब अजिबात नाही. इतर बऱ्याच गाड्यांत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून कागदाच्या जाडीएवढी, 0.1 मिलिमीटरच्या आसपास फट सोडतात.

मिस्त्रीने टॅपेट कसून दाब दिला होता, म्हणजे व्हॉल्व्ह बंद व्हायच्या वेळीही किंचित ढकललेलाच राहायचा. व्हॉल्व्ह नीट टेकेना, म्हणून जास्त तापला. तापला म्हणून लांबला. लांबला म्हणून आणखी कमी टेकला. सीटपाशी उरलेल्या केसभर फटीतून पेटता वायू गॅस कटरसारखा कड कापत राहिला. तेही अगदी शांतपणे.

सुट्या भागांच्या दुकानदाराचं निदान वेगळंच: "पेट्रोलमध्ये आता शिसं नाही ना, ही बाटली टाका." शिशाचा थर सीटला जपायचा हे खरं, आणि देशभर शिसं बंद झालं ते 2000 मध्ये. पण सीट झिजली तरी व्हॉल्व्ह आत सरकतो आणि फट कमीच होते. ती पान्याने परत मिळते. बाटली काय किंवा हँडलला बांधलेलं लिंबू काय, फट दोघांनाही कळत नाही.

नवा व्हॉल्व्ह बसवताना आधी गाइडमध्ये खेळ पाहिला. मग ग्राइंडिंग पेस्ट लावून, रबरी कपाच्या काठीने ताक घुसळावं तसा मागेपुढे फिरवला. कडेवर सलग, मंद राखाडी कडं उमटेपर्यंत. पेस्टचा कण न् कण पुसला, स्प्रिंग चढवून पोर्टमध्ये रॉकेल ओतलं; झिरपलं नाही.

गाडी रात्रभर थंड ठेवली. सकाळी प्लग काढला, टॉप गिअर टाकून मागचं चाक फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. उजवीकडचं टॅपेटचं झाकण उघडलं. पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. चेकनट (सेटिंग पक्कं धरणारा नट) कसताना सेटिंग हमखास सरकतं, म्हणून कसल्यावर पुन्हा फिरवून पाहायचं. इनलेटचं दुसऱ्या खेपेत जमलं. एक्झॉस्टचं चार वेळा सोडावं लागलं.